बरोबरी वाटणाऱ्याची

एकवीस हा पत्त्यांचा खेळ मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, आणि त्याला कारण आईचा खुबा. ती न्हाणीत घसरली. साताऱ्यात ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, दुपारी खुर्चीत बसवायचंच, कितीही कुरकुरल्या तरी. आई बसली न बसली तोच "मला आडवं करा" सुरू करायची. तिला बसवून ठेवण्याचा एकच उपाय आम्हा भावंडांना लहानपणापासून माहीत होता. तिच्या हातात पत्ते द्यायचे.

मी सांगलीहून रहिमतपूरला मुक्कामाला आले होते. मी विम्याची एजंट आहे, बरंचसं काम फोनवर होतं. भावजय अंगणवाडीत असायची, त्यामुळे दुपारी घरात आई, मी आणि धाकटा भाऊ, एवढेच. तिघांत मेंढीकोट होत नाही. झब्बूत आई हरली की पत्ते फेकायची. मग एक दिवस भाऊ म्हणाला, "आक्का, गोव्याचा खेळ शिकवू का? त्याला कितीबी माणसं चालत्यात."

भाऊ फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला. गावात त्याला सगळे मेजर म्हणतात आणि तो दुरुस्त करत नाही. निवृत्तीनंतर काही वर्षं तो पणजीला, नदीतल्या एका कसिनोच्या बोटीवर सुरक्षेला होता. काम काय, तर टेबलामागे हात बांधून उभं राहायचं. नोकरांना खेळायची मनाई होती, त्यामुळे तो एकदाही खेळला नाही. पण बघून बघून त्याला एकवीस असा पाठ झाला की आमच्या गावातल्या भजनी मंडळींना अभंगही तसे पाठ नसतील.

"पैशानं न्हाई खेळायचं," त्यानं आधीच सांगितलं.

"तुमच्याकडनं जिंकू तरी काय मी?" आई म्हणाली. "तुमच्याकडं हाय काय?"

मी सांगलीहून बेदाणे आणले होते. तेच डावावर लावायचे ठरले. आईनं पहिला डाव सुरू व्हायच्या आत तिचे निम्मे खाल्ले.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं, हवी असतील तर आणखी मागायची, बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण पुढे जाऊ द्यायची नाही. गेली की जळाला. सगळ्यात आधी डोक्यात बसवायचं ते हे, की आपण एकमेकांशी खेळत नाही. प्रत्येक जण खेळतो तो पत्ते वाटणाऱ्याशी, म्हणजे आमच्यात भावाशी. माझा डाव आईपेक्षा चांगला की वाईट, याला काही अर्थ नाही. आईला हे मुळीच पटलं नाही. ती शेवटपर्यंत माझ्या पानांत डोकावत राहिली.

दुसरी अडचण चित्रांची. राजा, राणी, गुलाम, तिन्ही दहाचे.

"गुलामाची आणि राजाची किंमत एकच?" आई म्हणाली. "हे कुठलं राज्य म्हणायचं?"

"आये, तिथं सगळे सारखेच. आत आला की आमदार असू दे न्हाईतर ऊसतोड्या."

"आणि एक्का?"

"एक्का एक धरा न्हाईतर अकरा. जशी गरज पडंल तसा."

"म्हणजे जावई."

"जावई कवा गरजेला पडलाय, आये?"

माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, त्यामुळे या विनोदावर मीही हसले. त्यानंतर मला एक्का आला की आई "आक्काला एक्का" म्हणून टाळी द्यायची, म्हणजे माझं पान सगळ्यांना कळायचं. पण वर म्हटलं तसं, कळून कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मला त्या खेळात खरोखर आवडला तो वाटणाऱ्याचा नियम. वाटणाऱ्याला स्वतःचं डोकं चालवायची मुभाच नसते. बेरीज सोळा किंवा कमी असली की त्यानं पान घ्यायचंच, सतरा झाली की थांबायचंच. समोरचा हरतोय की जिंकतोय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याचं एक पान उघडं असतं, एक झाकलेलं, आणि आपण त्या उघड्या पानावरून अंदाज बांधायचा. पाच किंवा सहा दिसलं तर आपण बारा-तेरावरही गप्प बसायचं, कारण जळण्याची पाळी त्याची आहे. चित्र दिसलं तर धोका पत्करून पान मागायचं. डाव संपला की भाऊ हलकी टाळी वाजवून दोन्ही तळवे वर करून दाखवायचा. हातात काही लपवलं नाही, हे दाखवायची ती बोटीवरची रीत. आई त्याला म्हणायची, "बास की रं, आमी काय पोलीस हाय?"

एक चूक मी बरेच दिवस केली. वाटणाऱ्याचं उघडं पान एक्का असलं तर तो विचारतो, विमा घ्यायचा का? म्हणजे डावाच्या निम्मे आणखी लावायचे. खालचं पान दहाचं निघालं तर लावल्याच्या दुप्पट मिळतात. विमा हा शब्द ऐकला की मी हो म्हणायची. आयुष्यभर लोकांना हो म्हणायला लावलं आहे, मी नाही कशी म्हणू? भाऊ गालातल्या गालात हसायचा. शेवटी मीच बसून हिशेब केला. तेरा पानांत दहाची किंमत असलेली चार. तीनात एक निघायला हवं, तर तेवढंही निघत नाही. असला विमा मी विकला असता तर गिऱ्हाइकांनी घरी येऊन दार बडवलं असतं. तेव्हापासून मी तो घेतला नाही. आई मात्र दर वेळी घ्यायची. तिचं म्हणणं, लेकीचा धंदा आहे, आपणच नाही घेतला तर कोण घेणार.

जोडी आली तर ती फोडून दोन डाव करता येतात. आठाची जोडी फोडायची, कारण सोळा हा सगळ्यात वाईट आकडा. दहाची कधी फोडायची नाही. "चांगला चाललेला संसार कशाला मोडायचा?" आई म्हणाली, आणि हा एक नियम तिनं एकदाच ऐकून लक्षात ठेवला. दोन पानं अकराची झाली तर लावलेलं दुप्पट करायचं, पण मग एकच पान मिळतं, ते कसंही निघो.

याच दिवसांत आमच्यात आणखी एक बोलणं चालू होतं. वडील गेल्यापासून रानाच्या सातबाऱ्यावर तिघांची नावं आहेत, आईचं, त्याचं आणि माझं. ठिबकचं अनुदान असो की सोसायटीचं काम, दर वेळी तिघांच्या सह्या लागतात आणि मी सांगलीत. म्हणून मी हक्कसोडपत्र करून द्यावं, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे बहिणी ते करतातच. निबंधकाकडे जाऊन सही करायची, भाऊ साडी नेसवतो, माहेर शाबूत राहतं. मी नाही म्हटलं नव्हतं. मला रान नको होतं. मला दोन खोल्यांपुरती जागा हवी होती.

सांगलीतलं माझं घर नदीकडच्या सखल भागात, तळमजल्यावर आहे. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सामान माळ्यावर टाकायचं आणि उतरलं की गाळ काढायचा. नवरा होता तोवर ते दोघांनी केलं, पुढे मी एकटीनं केलं. आणखी काही वर्षांनी ते मला जमणार नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्या रानाचा रस्त्याकडचा कोपरा उंचावर आहे, मुरमाड. पीक तिथं धड येत नाही, पण घराला त्याहून चांगली जागा नाही. एक जांभूळ आहे, वडिलांनी लावलेलं. मी भावाला म्हटलं, तेवढा तुकडा मला राहू दे, बाकी सगळं तुझं.

तो लगेच म्हणाला, "आक्का, रस्त्याकडचा तुकडा तुझाच. त्यात इचारायचं काय?"

त्यावर मी सगळं बेतलं. ओळखीच्या गवंड्याशी बोलले. दुपारी पत्ते पिसता पिसता आईला सांगायची, स्वयंपाकघर कुठे, न्हाणी कुठे, तिला बसायला कट्टा कुठे. आई ऐकायची. एकदा म्हणाली, "पश्चिमेला खिडकी ठेवू नगं, ऊन डोळ्यावर येतं." मी ते मान्य केलं.

आई पुढे बरीच सुधारली. खुर्चीत न कुरकुरता बसू लागली, आणि साधं एकवीस तिला कंटाळवाणं व्हायला लागलं. मग भावानं एकेक प्रकार काढला. काही टेबलांवर वाटणारा दुसरं पान घेतच नाही, सगळ्यांचे डाव संपल्यावर घेतो. त्यामुळे आपण दुप्पट लावून बसावं आणि त्याचं एकवीस निघावं, असं होतं. एका प्रकारात कॅटमधून दहाची चारही पानं काढून टाकतात, चित्रं तेवढी ठेवतात. काही ठिकाणी एक्का अकरा धरून झालेल्या सतरावर वाटणाऱ्याला थांबायला लावतात, काही ठिकाणी आणखी एक पान घ्यायला लावतात. कुठे एक्का आणि चित्र आलं की दोनाला तीन मिळतात, कुठे पाचाला सहाच. "टेबलावरची पाटी बघून बसायचं," भाऊ सांगायचा. "खेळ त्योच, नाव त्येच, पर पाटीवर बारीक काय लिवलंय ते बघायचं. लोकं बघत न्हाईत. दिवे बघत्यात."

शेवटी त्यानं उघडं एकवीस शिकवलं. यात वाटणाऱ्याची दोन्ही पानं उघडी असतात. काही झाकलेलं नाही. मला वाटलं, हा तर पोरखेळ झाला, त्याची बेरीज समोर दिसते आहे. दोन-तीन डाव मी जिंकलेही. मग एकदा त्याचे अठरा झाले, माझेही अठरा. साध्या खेळात बरोबरी झाली की ज्याचं त्याला परत. त्यानं माझे बेदाणे ओढून घेतले.

"हे काय?"

"हितं बरोबरी वाटणाऱ्याची."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं न्हाईस."

"चोरा," मी म्हणाले.

"आगं आक्का, दोन्ही पानं उघडी ठेवून त्यो वाटणारा जगंल कशावर?"

हे खरं होतं, आणि मी हसले. पत्त्यांत तो कधी लबाडी करत नसे, हेही इथे सांगते. आईच्या पानांची बेरीज चुकली तर तिच्या बाजूनं दुरुस्त करायचा. एकदा त्याच्याकडून दोन पानं एकदम सुटली तर त्यानं तो डावच रद्द केला. अशा माणसाच्या शब्दाला आणखी काय तपासायचं?

हक्कसोडपत्रासाठी कोरेगावला जायचं ठरलं, त्याच्या आधीच्या दुपारी आम्ही उघडं एकवीसच खेळत होतो. आईचे बारा झाले होते. अंगणात मोटरसायकल थांबली आणि शेजारच्या गावचा एक माणूस दारात आला. पांढरे कपडे, हातात मोजायची टेप.

"नमस्कार मेजर. खांब बघायला वीजवाले उद्या येत्यात. त्ये जांभूळ आमी पाडायचं का तुमी पाडून देताय?"

"मागनं बोलू," भाऊ म्हणाला. "आत्ता पेशंट बसल्यात."

"न्हाई, गाडी वळायला जागा लागती, म्हणून म्हटलं."

"कुठलं जांभूळ?" मी विचारलं.

त्या माणसाला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. तो माझ्याकडे वळून आदरानं म्हणाला, "रस्त्याकडचं, ताई. उसाच्या गाड्यांचा वजनकाटा टाकतोय न्हवं तिथं. तुमची उद्या सही झाली की आमचे कागद करायचेत. लय बरं वाटलं बघा. आजकाल बहिणी कुठं सरळपणानं सही देत्यात?"

मी भावाकडे पाहिलं. भाऊ पत्त्यांकडे बघत होता. मग मी आईकडे पाहिलं. तिनं विचारायला हवं होतं, कसला काटा, कुणाला दिली जागा. तिनं मान वर केली नाही.

"पान दे रं," ती भावाला म्हणाली.

तो माणूस गेला. मोटरसायकल रस्त्याला लागली.

"रस्त्याकडचा तुकडा माझा म्हणाला होतास," मी म्हटलं.

"हायच की तुझा."

"मग वजनकाटा कुणाच्या तुकड्यात?"

"आक्का, मी रस्त्याकडचा म्हटलो. पाणंद काय रस्ता न्हवं व्हय? सरकारबी आता पाणंद रस्ता म्हणतंय तिला."

पाणंद म्हणजे रानांमधून बैलगाड्यांसाठी सोडलेली वाट. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्यालगत ती आहे. तिकडची जमीन चिबड. पाऊस सरून दिवाळी आली तरी पाणी मुरत नाही, उसाची पानं पिवळी पडतात. आमच्या घरात वडिलांच्या तोंडी दोन शब्द कायम वेगळे होते. "रस्त्याकडं पाणी सोडलंय" म्हणजे वर, आणि "पाणंदीकडं गेलोय" म्हणजे खाली. तो आणि मी एकाच ताटात जेवताना ते शब्द ऐकत वाढलो. तो त्या दोन शब्दांत चुकला असेल, असं मला एक क्षणभरही वाटलं नाही.

"पुरातून उठून मी चिबडात राहायला येऊ?"

"भर टाकून देतो की."

"मला सांगितलं का नाहीस?"

"कुठला रस्ता, हे तू इचारलं न्हाईस."

तेच शब्द होते, पण या वेळी तो हसत नव्हता आणि मीही नव्हते. आमच्या धंद्याबद्दल लोक म्हणतात, हे बारीक अक्षरात लपवतात. मी ती बारीक अक्षरं गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवते, ऐकायचा कंटाळा केला तरी. भावासमोर बसून मात्र मी "रस्ता म्हणजे नक्की कुठला?" असं विचारायला हवं होतं म्हणे.

"भांडू नगासा," आई म्हणाली. "बहिणी सही करत्यातच. मी बी केली. तुझ्या मामानं मला काय दिलं? लुगडं."

"तुला माहीत होतं?"

तिनं पानं खाली-वर केली. "त्येनं सांगितलं हुतं."

"आणि तू मला पश्चिमेला खिडकी नको म्हणून सांगत होतीस."

"तू एवढ्या हौसेनं बोलत हुतीस. काय म्हणू मी?" मग म्हणाली, "मला हितंच राहायचं हाय, बाय. ह्येच्यापाशी. तू जाशील सांगलीला."

यात खोटं काही नव्हतं. तिला न्हाऊ घालायला, उठवायला तिथे तो आणि त्याची बायकोच असणार होती. मी तिच्या जागी असते तर मीही कदाचित तेच धरून राहिले असते. पण कळलं म्हणून लागायचं थांबत नाही. भावाचं मला त्या दुपारी जेवढं लागलं, त्याहून त्या खिडकीचं जास्त लागलं. ती गप्प बसली असती तर मी समजू शकले असते. तिनं मला ऊन कुठून येतं ते सांगितलं होतं, जिथे घर होणारच नव्हतं तिथलं.

खुर्चीची वेळ अजून संपली नव्हती. मी आईला उठवलं नाही. पत्ते गोळा केले, तिचे पाय दाबले आणि वेळ झाल्यावर तिला आडवं केलं. मग बाहेर येऊन भावाला सांगितलं, "उद्या कोरेगावला यायची गरज नाही. सही होणार नाही."

"मी त्येला शब्द दिलाय, आक्का."

"मलाही दिला होतास."

"लोक काय म्हणतील?"

"तो माणूस काय म्हणेल ते विचार. लोकांना अजून माहीत नाही."

तो ओट्यावर बसून राहिला. भावजय आली, तिला काही न सांगता कळलं, आणि तिनं मला चहा दिला तो माझ्याकडे न बघता. त्यानंतर तो दुपारी घरात थांबेना. आईनं दोनदा पत्ते मागितले. दोघींत झब्बू खेळलो. ती हरली आणि या वेळी पत्ते न फेकता तसेच धरून बसली.

आई वॉकर घेऊन दारापर्यंत जायला लागली तेव्हा मी निघायचं ठरवलं. त्याआधी एक दिवस साताऱ्याला औषधं आणायला जाते म्हणून गेले, येताना कोरेगावला उतरले आणि भूमी अभिलेखच्या कार्यालयात माझ्या हिश्श्यासाठी मोजणीचा अर्ज दिला. तो कसा द्यायचा, कोणाच्या सह्या लागतात, ते तिथल्या बाईंनी नीट सांगितलं. मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. घरी येऊन भावाला अर्जाचं सांगितलं. लपवायचं कारण नव्हतं.

"बहीण भावाच्या रानात मोजणी लावती," तो म्हणाला. "वडील असते तर?"

"वडील असते तर रस्ता कुठला, ते त्यांनी सांगितलं असतं."

तो उठून रानात गेला. वरच्या की खालच्या, ते मी पाहिलं नाही.

निघायच्या सकाळी आई वॉकर ढकलत ओट्यापर्यंत आली. मी तिच्या गोळ्या वेळेप्रमाणे लावून ठेवल्या होत्या, भावजयीला दाखवल्या होत्या. रिक्षा दारात उभी होती.

"आता कवा येणार?" आईनं विचारलं.

"मोजणीला."

तिनं पदर सारखा केला. "त्या दिवशी जेवायला असशील न्हवं?"

माहेरी आलेली मुलगी न जेवता गेली, असं आमच्या घरात कधी झालं नाही. ते तिला माहीत होतं आणि मलाही.

"डबा घेऊन येईन," मी म्हटलं, आणि रिक्षात बसले.